"त्यांचं कोण करतं?" : घरी आजाऱ्याला सांभाळणाऱ्या माणसासाठी मराठी शब्द हवा आहे

शेवंती
आमच्या वस्तीत, घरच्या आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा बैठक सुरू करतोय. आजाऱ्यांसाठी नव्हे, सांभाळणाऱ्यांसाठी. फलक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. या माणसाला मराठीत म्हणायचं काय? 'केअरगिव्हर' लिहिलं तर ज्यांच्यासाठी बैठक आहे त्यांनाच ती आपली वाटणार नाही. 'काळजीवाहू' लिहून पाहिलं, तर मंडळातल्या दोघींना मुख्यमंत्रीच आठवले.

सासूबाईंना पक्षाघात झाल्यावर सहा वर्षं मी हेच केलं. त्या काळात दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर मी 'सून' होते. सून तर मी आधीही होतेच. म्हणून विचारते.

कऱ्हाकाठ
'काळजीवाहू' मुळात फार चांगला शब्द. 'वाहणे' म्हणजे ओझं वाहणं आणि फूल वाहणंही. गीतेच्या नवव्या अध्यायातलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' आठवा. पण काळजीवाहू सरकारामुळे त्याला 'पुढचा येईपर्यंत' असा अर्थ चिकटला. घरात पुढचा कोणी येत नसतो. एवढ्या एका कारणासाठी मी तो फलकावर लिहिणार नाही.

पारंबी
आधी बोलीत काय आहे ते पाहू. लोक म्हणतात, "म्हातारीचं कोण करतं?", "धाकट्यानं वडलांचं सगळं केलं", "तिनं सासऱ्याचं दुखणं काढलं". अगदी उघड बोलायचं तर "हगणंमुतणं काढलं". "आईचं करते" एवढं म्हटलं की पुढे कोणी "काय करतेस?" असं विचारत नाही. कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज पाठ बघणं, नळीतून पातळ अन्न देणं, गोळ्यांच्या वेळा, रात्री तीनदा उठणं, सगळं त्या एका 'करणं'मध्ये येतं. काय केलं ते मोजून सांगायची सोयच नाही, म्हणून 'सगळं' केलं.

म्हणजे क्रियापद आहे, नाम नाही. 'करणारा', 'करणारी' हे शब्द या अर्थानं एकटे उभे राहत नाहीत. ऐकू येतं ते असं: "त्यांचं करणारं कोणी नाही हो." लक्षात घ्या, करणारं माणूस नसलं की त्याचा उल्लेख होतो. असलं की होत नाही. मला वाटतं शेवंतीताईंची अडचण इथेच आहे.

पुस्तकी शब्दांत 'शुश्रूषा' आहे. तो 'श्रु' धातूपासून आलेला, मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. 'निगा' फारसी 'निगाह'वरून, म्हणजे नजर. एक शब्द कानाचा, एक डोळ्यांचा. शेजारच्या खोलीतलं कण्हणं ऐकून ज्यांना जाग येते, त्यांना हे दोन्ही पटतील. (लिहिताना 'सुश्रुषा' होऊ देऊ नका: पहिला शु ऱ्हस्व, श्रू दीर्घ, शेवटी षा.)

तिसरा प्रहर
पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मानसिक आजारांच्या स्वमदत गटांतही ही जोडी वापरतात. वडिलांच्या आजारपणात मला पहिल्यांदा कोणी 'शुभंकर' म्हटलं तेव्हा आवंढाच आला. तोवर मी 'पेशंटचे नातेवाईक' होतो, ज्यांना आत सोडायचं की बाहेर थांबवायचं एवढाच प्रश्न असे. अडचण एकच, क्रीडास्पर्धांच्या बाहुल्यालाही वर्तमानपत्रं 'शुभंकर' लिहितात.

शेवंती
शब्द गोड आहे. पण रात्रभर जागून सकाळी आजाऱ्यावर ओरडलेली बाई 'शुभंकर' वाचून म्हणेल, "मी कसली शुभंकर." मीही असंच म्हटलं असतं. ओरडून झाल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले आहे. तिला बैठकीला यावंसं वाटायला हवं, त्या नावाला जागावं लागू नये. आत आल्यावर, चार भेटींनंतर, हा शब्द तिला नक्की सांगेन.

मांडवीपार
दोन गोष्टींची भर घालतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 'केअरगिव्हर'ची व्याख्याच आहे. त्यात आईवडील व घरची माणसं येतात, आणि मोबदला घेऊन करणारे व न घेता करणारे, दोघेही. केंद्र सरकारच्या 'राष्ट्रीय न्यास' या दिव्यांगांसाठीच्या संस्थेची सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण देणारी योजना आहे, तिचं नाव 'सहयोगी'. शब्द सोपा आहे, पण फार सर्वसाधारण. पतपेढीतही सहयोगी असतो.

पगारी माणसांना तर आपण नातीच चिकटवली: आयाला 'मावशी', वॉर्डबॉयला 'मामा'. नर्सिंग ब्युरोतून चोवीस तासांसाठी आलेल्या बाईंच्या पाठीलाही आजाऱ्याला उचलून कळ लागते. त्यांनाही बैठकीला बोलवा.

कऱ्हाकाठ
मावशींना बोलवायचं हे अगदी बरोबर.

पारंबी
आणखी एक. नाव वरून दिलं की ते बोचतं. 2023 मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द सरकारी पातळीवर पुढे आला तेव्हा केवढा विरोध झाला. त्याच क्षेत्रात काम करणाऱ्यांचा 'एकल महिला' मात्र चालतोय, कारण त्यात नवरा नसण्याची खूण कपाळावर मारलेली नाही. ताई, तुम्ही नाम शोधूच नका. क्रियापदच लिहा.

शेवंती
पटलं. फलक असा केलाय:

"घरात कुणाचं तरी सगळं तुम्ही करता का? सून, मुलगा, नवरा, बायको, मावशी, कुणीही असा. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी साडेतीन ते पाच, समाजमंदिरात या. इथे तुमच्याबद्दल बोलू."

वेळ दुपारची ठेवली, कारण जेवण-औषधं उरकून आजारी माणूस तेव्हाच जरा डोळा लावतं. खाली मंडळातल्या एकीनं आणखी एक ओळ घालायला लावली, ती मला सुचली नव्हती: "तेवढा वेळ घरी बसायला कोणी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आमच्यापैकी एक जण येऊन बसेल."