परदेशात बसून महाराष्ट्राच्या राजकारणावर लिहायचं, तर बातमी तपासायची कशी?

राईनकाठ

नमस्कार मंडळी. जर्मनीतून एका मराठी पाक्षिकासाठी महाराष्ट्राच्या राजकारणावर लेख द्यायचे आहेत, शिवाय तोच विषय अधूनमधून इथल्या वाचकांनाही समजावून सांगायचा आहे. हाताशी वाहिन्यांचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण, दैनिकांची संकेतस्थळं आणि व्हॉट्सॲप एवढंच आहे. यातून दिसतात ते मुंबईतले आठ-दहा नेते, त्यांचे सकाळचे बाइट आणि रात्रीच्या चर्चा. बीड, नंदुरबार, गडचिरोलीत काय चाललंय ते यात जवळपास सापडतच नाही.

नेमकी अडचण अशी की ‘निर्णय झाला’, ‘निर्णयाला स्थगिती’, ‘निर्णय रद्द’ या तिन्ही पट्ट्या आठवडाभरात येऊन जातात आणि कागदावर नक्की काय आहे ते कळत नाही. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आलेल्या मजकुराचं काय करायचं? निवडणुकीचे आकडे कुठून घ्यायचे? आणि इथले संपादक हमखास विचारतात तो पत्रकारस्वातंत्र्याचा जागतिक क्रमांक कसा वापरायचा? काय आधी पाहायचं आणि काय नंतर, तेही सांगितलंत तर बरं होईल.

शासननिर्णय

सुरुवात शासन निर्णयापासून करा. घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि शासन निर्णय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परदेशातून लिहिणाऱ्यांच्या बहुतेक चुका या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. मंत्री माइकसमोर बोलतात ती घोषणा. बैठकीनंतर माहिती व जनसंपर्क महासंचालनालय जे प्रसिद्ध करतं ते प्रसिद्धिपत्रक. ते ‘महासंवाद’वर मिळतं. अंमलबजावणी मात्र शासन निर्णयाने होते, म्हणजे जीआरने.

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ उघडा, खातं निवडा आणि तारखांची मर्यादा घाला. शब्द टाकून शोधण्यापेक्षा तारखेने शोधलेलं बरं, कारण शीर्षकात लोकांच्या तोंडचा शब्द असेलच असं नाही. प्रत्येक निर्णयाला एक लांबलचक संगणक संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सॲपवर जीआरचा फोटो आला तर हा संकेतांक आणि वर छापलेली तारीख जुळते का ते बघा, मग संकेतस्थळावरून मूळ प्रत स्वतः उतरवून घ्या.

वाचताना ‘वाचा’ या मथळ्याखालची यादी सोडू नका. आधीचे कोणते निर्णय विचारात घेतले ते तिथे असतं. आधीचा निर्णय ‘अधिक्रमित’ केलाय, म्हणजे त्याच्या जागी नवा आणलाय, की त्यात फक्त ‘सुधारणा’ केलीय, हे शोधा. मागाहून शुद्धिपत्रक निघालं असेल तर तेही.

२०२५ मधल्या हिंदीच्या वादात हे लख्ख दिसलं. १६ एप्रिलच्या निर्णयात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ‘अनिवार्य’ होती. विरोध झाल्यावर त्याच महिन्यात शिक्षणमंत्र्यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती असल्याचं सांगितलं आणि ‘हिंदीची सक्ती मागे’ असे मथळे आले. सुधारित निर्णय मात्र निघाला १७ जूनला. मधले जवळपास दोन महिने शब्द तोंडी स्थगित होता आणि कागद होता तसाच होता. १७ जूनच्या निर्णयात ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर एका शाळेत एका इयत्तेचे किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अटही आली. खरी बातमी या २० च्या आकड्यात होती. लहान गावातल्या शाळेत एका वर्गाचा पटच २० नसतो, म्हणजे पर्याय कागदापुरताच उरतो. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एप्रिलच्या मथळ्यांवर विसंबून ज्यांनी ‘सक्ती संपली’ असं लिहिलं, त्यांच्या वाचकांना जूनमधला रोष कुठून आला ते कळणं शक्यच नव्हतं.

लाडकी बहीण योजनेचंही तेच. २८ जून २०२४ च्या पहिल्या निर्णयात वयाची मर्यादा ६० होती, जुलैच्या सुरुवातीला ती ६५ झाली आणि पाच एकर जमिनीची अट गळली. आजही बाहेरच्या लेखांत पहिल्याच अटी छापलेल्या दिसतात.

जुनंडेस्क

वरचं सगळं मान्य, पण नुसत्या कागदावरून राजकारण कळत नाही. जीआर कोणाच्या दबावाने बदलला ते जीआरमध्ये लिहिलेलं नसतं. त्यासाठी वर्तमानपत्र लागतं, आणि ते वाचायची एक रीत आहे.

संकेतस्थळ बाजूला ठेवा, ई-पेपर घ्या. संकेतस्थळावर काय वर राहतं ते क्लिकवर ठरतं. छापील पानावर संपादकाने काय वर ठेवलं आणि काय पान सातला ढकललं ते दिसतं. एकाच दैनिकाच्या दोन आवृत्त्या शेजारी उघडा, मुंबई आणि तुमच्या विषयाच्या जिल्ह्याची. बीडच्या पहिल्या पानावर असलेली बातमी मुंबईत आलीच नसेल तर ती नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. लांबच्या गावांसाठीची डाक आवृत्ती लवकर सुटते, त्यामुळे रात्री उशिराची घडामोड तिच्यात नसते. ‘अमुक दैनिकाने बातमी दाबली’ असं लिहिण्याआधी शहर आवृत्ती बघा आणि दुसऱ्या दिवशीचा अंकही बघा.

मालकी कोणाची ते वाचकांना एका वाक्यात सांगा. ‘सामना’ हे शिवसेनेचं मुखपत्र, १९८८ पासून. त्यातला अग्रलेख म्हणजे ठाकरे गटाची भूमिका, स्वतंत्र विश्लेषण नव्हे. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचं, ज्यातले सदस्य काँग्रेसकडून खासदार आणि मंत्री झाले. ‘सकाळ’ शरद पवारांचे बंधू प्रतापराव पवार यांच्या कुटुंबाकडे. ‘न्यूज१८ लोकमत’मध्ये रिलायन्सचा समूह, ‘एनडीटीव्ही मराठी’ अदानी समूहाची. याचा अर्थ तिथली प्रत्येक बातमी वाकलेली असते असा नाही. या सगळ्या ठिकाणी उत्तम काम करणारे बातमीदार आहेत. पण मालकाच्या हिताचा विषय असेल तेव्हा दुसऱ्या घराची बातमी शेजारी ठेवूनच लिहावं.

‘सूत्रांच्या माहितीनुसार’बद्दल एक तारीख लक्षात ठेवा: २३ नोव्हेंबर २०१९. आदल्या रात्री मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी उघडपणे सांगितलं होतं, म्हणजे ती सूत्रांची पुडीही नव्हती. सकाळचे अंक तेच मथळे घेऊन घरोघर पडले. तोवर पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि ८ च्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. ते सरकार २६ तारखेला गेलं. म्हणून सत्तास्थापनेच्या दिवसांत लेखाच्या वर ‘भारतीय वेळेनुसार अमुक वाजेपर्यंत’ असं स्पष्ट लिहा. तुमचं घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फरक बदलतो आणि तिथे हमखास चूक होते.

पैसे घेऊन छापलेली बातमी ओळखायची सोपी खूण म्हणजे मजकूर. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. ‘अशोकपर्व’ या नावाची पानं त्यातलीच. पुढे निवडणूक आयोगाने चव्हाणांविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला, तेही त्याच परिच्छेदात लिहायला हवं. तपासायला एक लांब वाक्य उचला, अवतरणचिन्हांत घालून शोधा, मग बातमीदाराचं नाव आहे का, विरोधी उमेदवाराचा उल्लेख आहे का, जाहिरातीची बारीक खूण कोपऱ्यात आहे का ते बघा. वाढदिवसाच्या पुरवण्या तर सरळ बाजूला काढा.

नमुना१७क

आकड्यांपुरतं सांगते. जागा आणि मतं निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावरूनच घ्यायची. मोजणी भारतात ८ वाजता सुरू होते, आधी टपाली मतं, अर्ध्या तासाने यंत्रं. वाहिन्यांच्या पहिल्या तासाच्या आघाडीवर एक शब्दही लिहू नये. मतदान केंद्रनिहाय आकडे हवे असतील तर नमुना (फॉर्म) २०. तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नंतर येतो. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे नमुना २६ च्या शपथपत्रात.

२०२४ च्या विधानसभेत २० नोव्हेंबरला सायंकाळी ५ ची अंदाजे टक्केवारी ५८.२२ होती आणि अंतिम ६६.०५. हा फरक परदेशात दोन्ही बाजूंनी फार वापरला गेला. ५ चा आकडा केंद्रांवरून कळवलेला अंदाज असतो, मतदान ६ पर्यंत असतं आणि तेव्हा रांगेत असलेल्यांना नंतरही मतदान करता येतं. आयोगाचं स्पष्टीकरण हेच होतं. विरोधकांनी चित्रीकरण आणि नोंदी मागितल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून इलेक्ट्रॉनिक नोंदी पाहण्यावर मर्यादा आली, हेही खरं आहे. दोन टक्केवाऱ्या समोरासमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. मतदान प्रतिनिधींना केंद्रावर मिळणारा, तिथे किती मतं नोंदली गेली ते सांगणारा नमुना १७-क आणि त्या केंद्राची मोजलेली मतं यांचा मेळ, हीच खरी तुलना. जो कोणी दावा करेल त्याच्याकडे केंद्र क्रमांकासह १७-क मागा.

पत्रकारस्वातंत्र्याच्या क्रमांकाबद्दल: ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या यादीत १८० देशांत भारत २०२३ ला १६१ वा, २०२४ ला १५९ वा, २०२५ ला १५१ वा. २०२२ पासून मोजण्याची पद्धत बदलली, म्हणून त्याआधीच्या क्रमांकांशी तुलना करू नका. क्रमांक वर गेला म्हणजे इथे सुधारलं असंही नाही, इतर देश घसरले तरी तो वर जातो. क्रमांक एका वाक्यात, गुण शेजारी, आणि लगेच महाराष्ट्रातलं प्रत्यक्ष प्रकरण.

राईनकाठ

फार उपयोगी. आणखी दोन गोष्टी. इथून माहितीचा अधिकार वापरता येतो का? आणि तालुक्याच्या वार्ताहराकडून माहिती घ्यायची असेल तर रीत काय?

तालुकापान

पासपोर्ट भारतीय असेल तर अर्ज करता येतो, कारण हा हक्क नागरिकांना आहे. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली असली तरी भारताने दिलेली नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की हा हक्क गेला, ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, तो मिळत नाही. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. याच कारणाने बरेच अर्ज परत येतात. ‘का’ विचारू नका. ‘अमुक तारखेच्या टिप्पणीची प्रत’ मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आणखी एक: ओसीआय कार्डावर भारतात येऊन पत्रकारिता करायची असेल तर मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार आधी विशेष परवानगी लागते. तिकीट काढण्यापूर्वी ती घ्या.

आता वार्ताहर. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या वार्ताहराला अनेकदा नाममात्र मानधन असतं आणि जाहिराती आणायचं काम त्याच्याच गळ्यात. ज्या वाळू ठेकेदाराविरुद्ध बातमी द्यायची, त्याच्याच गटाची दिवाळी जाहिरात त्याला आणायची असते. म्हणून बातमी तुमच्याकडे येते, त्याच्या स्वतःच्या दैनिकात जात नाही. ती फुकट घेऊ नका. काम सुरू होण्याआधी रक्कम ठरवा, फोनवरच्या तासाचेही पैसे द्या आणि नाव छापायचं की नाही ते लेखी विचारा. तयार मजकूर प्रसिद्धीपूर्वी त्याला मराठीत वाचून दाखवा, कारण गावाचं नाव, हुद्दा आणि तारीख एकत्र आली की नाव न छापताही माणूस ओळखू येतो.

धोका तुमच्या वाट्याला येत नाही, त्याच्या येतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे बारसूच्या रिफायनरीवर लिहीत होते; फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. धमकी आली तर फिर्यादीत या कायद्याचं नाव घालायला सांगा. ठाण्यात साधा अदखलपात्र गुन्हा नोंदवून परत पाठवण्याचा प्रयत्न होतो. नोंदीची प्रत त्याच दिवशी स्वतःकडे मागवून ठेवा.

आणि जे घडत नाही तेही त्यालाच विचारा. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि २०२५ संपेपर्यंत तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासकच अंदाजपत्रक मंजूर करत होते. मुंबईचं निदान छापून तरी आलं. तुमच्या तालुक्याच्या पंचायत समितीत प्रशासक कधीपासून होता, त्या काळात पाण्याच्या टँकरच्या बिलांवर सही कोणाची होती, हा पहिला फोन करताना विचारायचा प्रश्न.