हीटर नसलेल्या टँकमध्ये ओढ्यातले साधे मासे ठेवता येतील का?

निवळशंख:
घरात ९० सेंटिमीटर लांबीचा टँक रिकामा आहे. हीटर लावून उष्ण प्रदेशातले मासे ठेवायची इच्छा नाही. गेल्या महिन्यात ओढ्याकाठी दोन तास बसले होते. बोटाएवढे करडे मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत होते. त्यातल्या एकाचा गळा लालभडक, डोळे निळे. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, तो स्टिकलबॅकचा नर. त्या दिवसापासून डोक्यात तेच आहे.

ज्याला विचारावं तो म्हणतो, गोल्डफिश ठेवा, असले मासे कोण पाळतं? खरंच कोणी पाळत नाही का? उन्हाळ्यात आमची खोली २६ अंशांपर्यंत तापते, ते त्यांना सोसेल का? आणि ते खातात काय?

हिरवीशेवाळ:
पाळतात की! पण मासे पकडण्याआधी तुमच्या भागातला मासेमारीचा कायदा बघा. बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो, आणि काही जाती संरक्षित असतात. कोणी घरी पैदास करून पिल्लं देणारं भेटलं तर सगळ्यात उत्तम.

गोट्यांखालचा:
निवळशंखताई, मी नऊ वर्षं हेच मासे पाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उन्हाळ्याचं. सगळे 'थंड पाणी, थंड पाणी' म्हणतात, पण मासा मरतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २५ अंशांना जेमतेम ८. आणि पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात सहा मिनो (ओढ्यात थव्याने राहणारे छोटे मासे) एका रात्रीत गेले. आवाज नको म्हणून रात्री एअर पंप बंद केला होता. टँक वनस्पतींनी गच्च भरलेला. दिवसा त्या ऑक्सिजन सोडतात, पण अंधारात माशांबरोबर त्याही तो वापरतात, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. सकाळी उठून पाहिलं तर एकच मासा उरला होता, तोही पृष्ठभागाशी तोंड लावून. त्यानंतर पंप एकदाही बंद केलेला नाही.

२६ अंश स्टिकलबॅक थोडे दिवस काढेल, मिनोला जड जाईल. टँक घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवा. पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याची भर रोज घाला. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान झपाट्याने खालीवर होतं आणि तो धक्का उन्हापेक्षा वाईट.

आता तुमचा लाल गळ्याचा नर. वसंतात दिवस मोठा व्हायला लागला की त्याला रंग चढतो. तोंडाने वाळू उचलून तो खड्डा करतो, शेवाळाचे तंतू आणून रचतो आणि मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट पदार्थाने ते एकमेकांना चिकटवतो. मग त्यातून स्वतः आरपार घुसून बोगदा पाडतो. मादी दिसली की नागमोडी नाचत तिला घरट्याकडे नेतो. ती अंडी घालून निघून जाते. पुढचा आठवडाभर पंखांनी वारा घालत अंड्यांवर पाणी खेळवत ठेवतो तो बापच. माझा एक नर काचेजवळ बोट नेलं तरी अंगावर धावून यायचा. हे मी तासन् तास बघितलंय. अंडी घातली की मादीला वेगळ्या टँकमध्ये हलवा, नाहीतर मादीच ती अंडी खाते. आणि ९० सेंटिमीटरमध्ये एकच नर ठेवा, फार तर दोन, तेही मधे दगड-वनस्पतींचा पक्का आडोसा करून.

'असले मासे कोण पाळतं' म्हणणाऱ्यांना सांगा, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या निको टिनबर्गनने पाळले होते. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये त्याच्या खिडकीशी ठेवलेल्या टँकमधले नर रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली की तिच्यावर चाल करून जायचे, कारण लाल म्हणजे प्रतिस्पर्धी. कार्ल फॉन फ्रिश या प्राणीशास्त्रज्ञाने १९३८ साली मिनोवरच दाखवलं की एका माशाची कातडी फाटली की पाण्यात काहीतरी मिसळतं आणि अख्खा थवा घाबरून पळतो. १९७३ चं नोबेल या दोघांना कॉनराड लोरेन्झबरोबर मिळालं. रंगीत मासे लागले नाहीत त्यांना!

खाण्याबद्दल: स्टिकलबॅक कोरड्या खाद्याकडे सहसा बघत नाही. त्याला हलणारं भक्ष्य लागतं. डाफ्निया, आर्टेमिया असे पाण्यातले बारीक जीव, डासांच्या अळ्या. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) चिमट्यात धरून पाण्यात हलवले की काही दिवसांत घ्यायला लागतो. मिनो मात्र काहीही खातात, आणि उड्या मारतात. झाकण हवंच.

शिंपल्याकाठी:
बिटरलिंग या दुसऱ्या छोट्या माशाबद्दलही कोणी सुचवेल, म्हणून आधीच लिहिते. त्याची मादी लांब नळीने जिवंत शिंपल्याच्या आत अंडी घालते, बघायला विलक्षण. पण शिंपला स्वच्छ टँकमध्ये हळूहळू उपाशी मरतो आणि मेल्यावर सगळं पाणी नासवतो. सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नका.

निवळशंख:
सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं ठरवते: एक नर, तीन माद्या, मिनो नकोत. नाहीच जमलं तर त्याच ओढ्यात परत सोडेन.

गोट्यांखालचा:
ताई, ते मात्र करू नका, कळकळीने सांगतो. टँकमध्ये राहिलेला मासा सोबत काय घेऊन जाईल ते दिसत नाही. स्यूडोरास्बोरा पार्वा हा इवलासा मासा माणसांमुळे युरोपभर पसरला आणि स्वतः ठणठणीत राहून दुसऱ्या माशांना मारणारा परजीवी घेऊन आला. जमलं नाही तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. टँकचं पाणी आणि वनस्पतीही ओढ्यात जाता कामा नयेत.

अजून एक. मासे आणण्याआधी फिल्टर आठ-दहा आठवडे चालू द्या. माशांची घाण पचवणारे त्यातले जिवाणू गार पाण्यात सावकाश वाढतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (त्या घाणीतून तयार होणारी विषं) शून्य आल्याशिवाय एकही मासा नको. ओळखीच्या कोणाच्या चालू टँकमधला फिल्टरचा स्पंज मिळाला तर बराच वेळ वाचेल, फक्त त्यांचे मासे निरोगी आहेत ना ते बघून घ्या.

आणि हिवाळ्यात टँकच्या खोलीत शेगडी किंवा हीटर लावू नका. पाणी ६-७ अंशांवर जाऊ द्या, दिवा बाहेरच्या दिवसाएवढाच लावा. मासे मंदावतील, कमी खातील. माझ्याकडे गार हिवाळा न मिळालेल्या वर्षी एकाही नराने घरटं बांधलं नव्हतं.