प्रतिसाद: तासाआधीचा अर्धा तास
शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना दोन-चार क्लास लावले की इतर मुलांत 'मिसळण्याचा' प्रश्न मिटतो, असं मूळ लेखात लिहिलंय. मला अर्धंच पटलं. आमची लेकही घरीच शिकते; पहिल्या वर्षी आम्ही तिला चित्रकला, पोहणं, बुद्धिबळ, नाटक सगळीकडे पाठवून पाहिलं. मुलं तासभर शेजारीशेजारी बसतात खरी, पण बोलणार कधी? तासात गप्पा चालत नाहीत, आणि तास संपला की बाकीच्यांना गृहपाठाची घाई. सहा महिन्यांनी चित्रकलेच्या वर्गातल्या एकाही मुलीचं नाव तिला सांगता येईना.

जमलं ते नाटकाच्या गटात, तेही तालमीत नव्हे. सामान मांडायला मुलांना अर्धा तास आधी बोलवायचे. एक १३ वर्षांचा मुलगा आणि आमची ८ वर्षांची, दोघं मिळून पुठ्ठ्याच्या झाडाला विटांचा टेकू देत बसले होते. झाड तीनदा पडलं, तिसऱ्यांदा दिग्दर्शकांच्या अंगावर. तेव्हापासून दोघांची गट्टी आहे. एकाच इयत्तेच्या वर्गात ही जोडी जमली नसती. आता नवीन ठिकाणी मी अभ्यासक्रम नंतर विचारते. आधी विचारते, तासाच्या आगेमागे मुलांना तिथे रेंगाळू देता का?

आणि हो, 'कितवीत आहेस?' याचं उत्तर पाठ करून घ्या. आमची 'कुठेच नाही' म्हणाली, तर एका ताईंनी तिला उचलून सर्वांत लहान मुलांत बसवलं.