शेतात तिवरं माजलीत, सातबारा आमचा. काय करायचं?

खारपाटी
आमच्या भातशेतीत तिवरं, म्हणजे खाडीतली कांदळवनाची झाडं, माजलीत, पुरुषभर उंच. काका म्हणतात कोयता लावून साफ करू, पुढच्या पावसात लावणी करू. गावात एकजण म्हणतो, हात लावलात तर गुन्हा. सातबारा आजोबांपासून आमचाच आहे. तोडायची परवानगी कुठे मिळते, फॉरेस्ट की तहसील? लवकर सांगा, काका ऐकणाऱ्यातले नाहीत.

समुद्रवारा
जिल्हा? तालुका? भातात तिवर उगाच येत नाही. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली असणार, बांध फुटून खारं पाणी आत आलं असणार. कधी गेली? बांध सरकारी खार योजनेतला की खाजगी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वकिलीणबाई
आधी काकांचा कोयता लपवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही. भोवतालच्या ५० मीटरमध्ये भराव आणि बांधकामही बंद. लावणीसाठी तोडतो म्हटलं तर परवानगी कुणीच देणार नाही.

जिताडाबहाद्दर
भात विसरा. तळं खणा, जिताडा मासा सोडा. दोन वर्षांत भाताच्या कितीतरी पट पैसा. व्याही आले की जिताडाच लागतो, गिऱ्हाईक शोधायला नको.

वकिलीणबाई
तिवरांत जेसीबी घालणं म्हणजे तोडच की हो! असले सल्ले देऊन एखाद्याला आत पाठवाल.

जिताडाबहाद्दर
तिवरांत खणा असं मी म्हटलंय कुठे? उरलेल्या जागेत म्हणतोय. खारेपाटात घरटी तळी होती तेव्हा कुठे होतं तुमचं कोर्ट?

खाडीकाठ
भांडू नका. तिवर न तोडता तिच्यातच खेकडे पाळता येतात. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजना, २०१७ ची. गटाला ९० टक्के अनुदान, एकट्याला ७५. वनखात्याच्या कांदळवन कक्षात चौकशी करा.

समुद्रवारा
छान. बांधाला बिळं पाडतात खेकडे, बिळातून पाणी झिरपून जाते खांड, आणि आता त्यांनाच पाळायचं!

निवांत_कोकण
सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या नियमांप्रमाणे ज्या ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त लोकसंख्या आहे, तिथे समुद्राकडची ना विकास पट्टी २०० ऐवजी ५० मीटर. राहत्या घराचा चौथरा न बदलता होमस्टेही करता येतो. कोणाला माहिती हवी असल्यास विचारा.

वकिलीणबाई
घर कुठून आलं यात?

खारपाटी
अलिबाग तालुका, धरमतर खाडीच्या बाजूला. एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. आधी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झापं सडली, मग एका उधाणाला खांड गेली, त्याला पाच-सहा पावसाळे झाले. पूर्वी घरटी एक माणूस चिखल-पेंढा घेऊन बांधावर जायचा, आता पोरं कंपनीत. बांध सरकारी योजनेतला, तसा बोर्ड होता. तिवरं खाडीकडच्या अर्ध्या भागात. वरच्या अर्ध्यात उन्हाळ्यात पांढरा खार फुटतो, पण तिवर नाही.

समुद्रवारा
हे आधी सांगायचं ना! मग फॉरेस्ट की तहसील हा प्रश्नच चुकीचा. १९७९ च्या खार जमीन विकास कायद्यातली योजना असेल तर बाहेरकाठ्याची दुरुस्ती सरकारकडे. पेणला खारभूमी विभागात अर्ज द्या. योजनेचं नाव, सर्व्हे नंबर, भरती आणि ओहोटी दोन्हीच्या वेळचे खांडीचे फोटो जोडा, शिक्क्याची पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, त्या खारीतल्या सगळ्या खातेदारांच्या सह्या घ्या.

वकिलीणबाई
बांध झाला तरी उगवलेली तिवर तोडता येणार नाही, हे काकांना आत्ताच सांगा. खारं पाणी अडवायची कामं सीआरझेडमध्ये सरसकट बंद नाहीत, पण त्यांची परवानगी खात्याने काढायची असते. जमीन आधी पिकती होती याचे पुरावे गोळा करा. सातबाऱ्यावरचे जुने पीकपेरे आहेतच, शिवाय एमआरसॅकचे (राज्याच्या उपग्रह नकाशे करणाऱ्या केंद्राचे) कांदळवनाचे जुने नकाशे माहिती अधिकारात मागा.

समुद्रवारा
वरचा अर्धा तरी वाचवा. खांड तात्पुरती बुजली तरी पहिल्या पावसात पाणी कोंडून खार धुवून काढा, मग पनवेल ३ या खार सोसणाऱ्या भाताचा रहू (मोड आलेलं बी) टाका. बियाण्यासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात विचारा.

जिताडाबहाद्दर
आणि एका कोपऱ्यात तळं.

खारपाटी
काका विचारतायत, सह्यांना मुंबईतले खातेदार पण लागतात का? निम्मे तिकडेच आहेत.

पेणकर_७७
आमची पेणला खाजगी खार योजना आहे. तिचा बांध कोण बांधणार?

समुद्रवारा
खारपाटी, नाही, जे मिळतील तेवढ्यांच्या घ्या, अर्ज अडत नाही. पेणकर, तुमचं प्रकरण वेगळं आहे, नवा धागा काढा. आणि तालुक्यासोबत बांध कधी फुटला तेही पहिल्याच ओळीत लिहा.