किनाऱ्यावरच्या ड्रग्जवर बोललो तेवढं पुरे, घरातल्या दुखीच्या गोळ्यांचं काय?

कुळागरातली

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे गोव्यात तोच विषय. हणजूण, वागातोर, पार्ट्या, पोलिसांची धाड. पण गोंयकारांच्या किडन्या खराब होतात त्या किनाऱ्यावर नव्हे, फ्रिजवरच्या गोळ्यांच्या डब्यातून, असं माझं मत आहे.

बाबा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे. 2012 साली खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, कंबरदुखी तेवढी घरी आली. डायक्लोफेनॅक ही दुखीची गोळी सकाळी एक, रात्री एक. बीपीची गोळी चालू होतीच. दोन्ही एकाच फार्मसीतून, एकाच पिशवीत यायच्या आणि इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नाही. गेल्या चवथीला पाय सुजले. आम्हाला वाटलं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना फार वेळ उभे राहिले म्हणून. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, निघालं 4.6, फारच जास्त.

किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाळणीकडे रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन्स नावाची अंगातली रसायनं करतात. दुखीची गोळी नेमकी तीच कमी करते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल असल्या बीपीच्या गोळ्या रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात. येणारा नळ आवळला, जाणारा सोडला, मग मधे दाब राहणार कुठून? त्यात लघवी वाढवणारी गोळी असली तर अंगातलं पाणीही कमी.

'ड्रग्ज' म्हटलं की आमची आई कानांवर हात ठेवते. बाबांना रोज गोळी काढून द्यायची ती आईच.

शापोरा

बाय, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण 'किनाऱ्यावर नव्हे' हे पटलं नाही. मी बार्देसात सहा वर्षं ॲम्ब्युलन्सवर होतो.

एका पहाटे पोरगा उचलला, विशी-बाविशीचा. रात्रभर नाचलेला, अंग तव्यासारखं तापलेलं, दातखीळ बसलेली. नंतर कळलं की लघवी काळ्या चहासारखी झाली आणि मग थांबलीच. एमडीएमए, म्हणजे पार्टीतली एक्स्टसी, घेऊन गर्दीत, उकाड्यात नाचलं की ताप 106 च्या वर जाऊ शकतो, स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीच्या नळ्यांत अडकून बसतं. घाबरून कोणी लिटरच्या लिटर पाणी ढोसलं तर सोडियम घसरून मेंदूला सूज, तो वेगळाच प्रकार. कोकेन रक्तवाहिन्या आवळतं. केटामाइन, हे खरं तर भुलीचं औषध, नशेसाठी बराच काळ ओढणाऱ्याची लघवीची पिशवी आकसते, दर पाव तासाला धावावं लागतं, कधी रक्त पडतं, आणि लघवी मागे किडनीपर्यंत तुंबते.

हे सगळे दिल्ली-मुंबईचे पाहुणे असतात असं समजू नका. आपल्या वाड्यावरची पोरंही त्यात बघितलीत मी. तुमच्या बाबांचं वर्षानुवर्षं बिघडत गेलं, या पोराचं एका रात्रीत.

कुळागरातली

नाकारत नाही. पण त्याच्यामागे पोलीस आहेत, कोर्ट आहे, विधानसभेत प्रश्न आहेत. डब्यातल्या गोळीमागे कोण आहे?

मडगावचा फार्मसीवाला

म्हणजे माझ्याकडेच बोट ना? मग बोलतो.

गिऱ्हाईक येतं, "ती गुलाबी गोळी दी रे, दुखीची." डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय देऊ नये, हे मला कोणी शिकवायला नको. नाही म्हटलं की माणूस समोरच्या दुकानात जातो आणि जाताना ऐकवतो, "मोठो दोतोर जालो!" पॅरासिटामॉल पुढे केली तर, "ती तापाची." तुम्हीच सांगा, दुकान कसं चालवायचं? आम्ही देतो ते चूकच. पण मागणारा कोण आहे तेही लिहा की.

आणि या धाग्याचा सूर मला घातक वाटतो. धडधाकट माणसाने दाढ दुखते म्हणून तीन दिवस गोळी घेतली तर सहसा किडनीचं काही होत नाही. साठीच्या पुढचा, मधुमेही, हृदय किंवा किडनी आधीच कमजोर असलेला, उलट्या-जुलाबांनी सुकलेला, त्याने सांभाळायचं. असं घाबरवून सोडलं की लोक दुखीची गोळी चालू ठेवतात आणि बीपीची बंद करतात! गेल्या महिन्यात एकाने माझ्यासमोर हेच सांगितलं, फुशारकीने. अहो, मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टन किडनी राखायलाच देतात.

सांग्याची सून

सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. शेक झाला, तेल झालं, पॅरासिटामॉल झाली. दुखीची गोळी घेतल्याशिवाय त्या न्हाणीपर्यंत जाऊ शकत नाहीत. किडनी वाचवायची आणि माणूस खाटेवर ठेवायचा का? ज्याचं दुखतं त्याला विचारा. इथे लिहिणं सोपं आहे.

मडगावचा फार्मसीवाला

ताई, गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल मिळतं. गोळीच्या मानाने रक्तात फार कमी उतरतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा. एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्या. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, ते हलायला लागेपर्यंत बरीच किडनी गेलेली असू शकते.

निसर्गमित्र

एवढी चर्चा कशाला? ॲलोपथी सोडा. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो.

जुना मुंबईकर

झाडपाला? 1990 च्या दशकात ब्रसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत चिनी वनस्पती घालायचे. त्यात ॲरिस्टोलोकिया ही किडनीला विषारी वनस्पती निघाली. कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. नीट न बनवलेल्या भस्मांतल्या शिशा-पाऱ्याचं तर बोलायलाच नको.

ॲलोपथीचीही आरती ओवाळत नाही मी. 1986 साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाची भेसळ निघाली, 14 रुग्ण किडन्या बंद पडून गेले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या बातम्या तेव्हा रोज वाचायचो. आणि गिधाडं विसरलात? ढोरांना डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं द्यायचे, मेलेलं ढोर खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या. देशातली बहुतेक गिधाडं संपल्यावर 2006 साली जनावरांसाठी बंदी आली. माणसांसाठी मात्र ते चालूच.

मडगावचा फार्मसीवाला

गिधाड म्हणजे माणूस नव्हे. त्याला ज्या मात्रेने मरण येतं ती आपल्याला काहीच करत नाही. उदाहरण जोरदार आहे, लागू नाही.

तळपणकर

मी काणकोणचा. तुमचा वाद ड्रग्ज की गोळ्या. आमच्याकडे दोन्ही न घेतलेल्यांच्या किडन्या गेल्यात. शेतात राबणारी माणसं, शुगर नाही, बीपी नाही. कोणी पाण्यातली सिलिका म्हणतो, कोणी कीटकनाशकं. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि आंध्रच्या उद्दानममध्ये असंच चाललंय, तिथेही एका कारणावर बोट ठेवता आलेलं नाही.

आणि इस्पितळात पहिला प्रश्न काय? "पेनकिलर किती घेता?" माझा काका साधा माणूस, म्हणाला, "घेतो कधीमधी." झालं. गावभर तेच, गोळ्या खाऊन किडनी घालवली. विहिरीच्या पाण्याचं पुढे कोणी विचारलंच नाही. तुमचा धागा वाचून तेच आठवलं, रागावू नका.

शापोरा

अगदी. त्या पोराच्या मित्रांनी पण आम्हाला आधी 'उन्हाची चक्कर' सांगितली. काय घेतलं ते कळायला दुपार झाली. नाव खराब होईल म्हणून.

कुळागरातली

तळपणकर बाब, रागावले नाही. डब्याबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही, आमच्या घरात तेच घडलंय. पण 'गोंयकारांच्या किडन्या' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फोंडा-डिचोलीच होतं, काणकोण नव्हतं, हे कबूल. डॉक्टरांनी बाबांना तो प्रश्न विचारला तेव्हा तेही आधी "कधीमधी" असंच म्हणाले होते. रिकाम्या पट्ट्या आईने पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या.

सांग्याची सून

डॉक्टरांना विचारून जेल आणलं. सासूबाई म्हणतात, वास बरा आहे, गुण नाही. गुरुवारी रक्त-लघवी तपासायला नेते.