मदत हवी आहे: कॉलेजच्या आठपानी मासिकाचं संपादन – तुटणारी अक्षरं, मेसची बातमी, एक नाजूक तक्रार

आठपानी: अनुदानित महाविद्यालयाचं मासिक आहे. ए-४, ८ पानं, मधली पिन, ५०० प्रती, मंडळात ७ जण. मजकूर सगळे मोबाइलवर टाइप करून पाठवतात. डीटीपीवाले (पानं लावणारे) तो श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये बदलून घेतात आणि दर वेळी वेगळीच अक्षरं तुटतात. दुसरं, वसतिगृहाच्या मेसचे दर वाढलेत, कार्यालय कागद दाखवत नाही. तिसरं, अंतर्गत तक्रार समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी समिती) एक तक्रार गेल्याची चर्चा आहे. ती बातमी घ्यावी का?

खिळेजुळारी: तुटतात ती अक्षरं ठरलेली असतात. 'दुसऱ्या'तला ऱ्य, 'कार्य'चा रफार, ॲ, शृ आणि इंग्रजी पद्धतीची अवतरणचिन्हं. मोबाइलवरचा मजकूर युनिकोड, म्हणजे अक्षरांच्या सगळीकडे सारख्या चालणाऱ्या संकेतांत असतो, जुनी श्रीलिपी तशी नाही. एकातून दुसऱ्यात बदलणाऱ्या कन्व्हर्टरच्या तक्त्यात जे अक्षर बसत नाही तिथे चौकोन येतो किंवा भलतंच अक्षर. एक चाचणी ओळ करा: 'दुसऱ्या सूर्योदयाला ॲड. शृंगारपुऱ्यांचा कार्यक्रम'. आधी ती बदलून बघायची, मग अंक.

खरा उपाय म्हणजे कन्व्हर्टरच टाळणं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँट थेट चालतो, पण परिच्छेदाच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडावा लागतो. तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फाँटसाठी 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे. प्रूफ मात्र शेवटच्या पीडीएफवरच वाचा, तेही कागदावर छापून. वर्डमध्ये तपासलेलं इथे काही उपयोगाचं नाही, कारण चूक त्यानंतर शिरते.

'कलम सहा' (टोपणनाव): मेससाठी आधी प्राचार्यांच्या नावे साधं पत्र द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. अर्ज 'संपादक मंडळा'च्या नावाने नको, एका विद्यार्थ्याने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करायचा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. कारण सांगावं लागत नाही. 'दर का वाढवले?' असं विचारलंत तर 'हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर हातात पडेल. कागद मागा: ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, मागच्या दोन वर्षांची दरपत्रकं, दरवाढ मंजूर झालेल्या बैठकीचं इतिवृत्त. मुदत ३० दिवस, म्हणजे ही बातमी या अंकाची नाही, पुढच्या अंकाची.

तोवर छापायची असेल तर जुना दर, नवा दर आणि लागू झाल्याची तारीख, तिन्ही पावत्यांवरून. 'विद्यार्थ्यांमध्ये तीव्र नाराजी' हे काढून टाका. किती जणांशी बोललात, त्यांनी काय सांगितलं ते लिहा. ठेकेदाराला विचारलं आणि तो बोलला नाही, तर तेही तारखेसह लिहा.

तक्रारीचं मात्र घेऊ नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर, चौकशीचं कामकाज, शिफारशी, तसंच तक्रारदार, जिच्यावर किंवा ज्याच्यावर आरोप आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, यातलं काहीच जाहीर करता येत नाही. 'तृतीय वर्ष, अमुक विभाग' एवढ्यावरून कॉलेजात माणूस ओळखू येतो, म्हणून नाव गाळून भागत नाही. त्याऐवजी समितीची रचना, तक्रार कुठे आणि किती दिवसांत करायची, यावर चौकट करा. घटनेपासून साधारण तीन महिने ही मुदत बहुतेकांना माहीतच नसते.

आठपानी: आभार. मजकूर आता १० पानांचा झालाय. आणि उपप्राचार्य सर म्हणतात, छापण्याआधी अंक दाखवा.

खिळेजुळारी: पिनेच्या अंकात १० पानं होत नाहीत. एक ए-३ कागद दुमडला की ४ पानं, म्हणून ८ किंवा १२. कापा. फोटो-मथळे धरून पानाला ४०० शब्द हा हिशेब आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कविता दर महिन्याला बातम्यांना खातात.

पैसे आणि प्रकाशन कॉलेजचं, तेव्हा दाखवायला नकार देऊ नका. फक्त लावून झालेल्या पानांची छापील प्रत द्या, संपादन करता येईल अशी फाइल नको. हरकत त्या ओळीसमोर लिहून, सहीनिशी, दोन दिवसांत. तोंडी 'हे जरा बघा' यात अख्खा आठवडा जातो.

वेळापत्रक उलटं मोजा: छापखान्याला फाइल १५ तारखेला, सरांकडे १२ला, दोन वेगळ्या माणसांचं प्रूफ १० आणि ११ला, मजकूर बंद ५ला. ५ नंतर आलेलं पुढच्या अंकात, मग ते अध्यक्षांचं मनोगत का असेना. फाइल एकाच्याच हातात राहू द्या. 'फायनल_२_नवीन' छापून येण्याचं कारण तेच.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. पूर्ण रुंदीच्या फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे २४८० पिक्सेल लागतात. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांत गेला की प्लेट जराशी सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येते.