मदत हवी आहे: एकाच माणसाला इतक्या गोष्टींची अ‍ॅलर्जी, तपासणी कोणती करावी?

बायकोसाठी विचारतोय. वय 38, राहणार चाळीसगाव तालुका, घरची शेती. दोन वर्षांपासून कापूस वेचायला गेली की शिंकांचा सपाटा, नाक गळतं, डोळे लाल. बांधावरचं गाजरगवत उपटलं की मनगटापासून कोपरापर्यंत खाजरे चट्टे, ते आठवडाभर जात नाहीत. आणि आता वांग्याचं भरीत! दोन घास पोटात गेले की ओठ चुरचुरतात, घसा खाजतो, अर्ध्या तासात पोटावर पित्ताच्या गांधी. खानदेशात राहून भरीत बंद म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

शेंगदाणे, दूध, अंडी चालतात. दमा, बीपी, शुगर नाही. श्वास कधी अडकला नाही, चेहराही सुजला नाही. रोजची दुसरी कुठली गोळी नाही.

आमसुलाचं पाणी लावून झालं, वेचणीला तोंडाला रुमाल बांधून झाला. गावातल्या डॉक्टरांनी रात्री घ्यायला सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी दिली; तिने दबतं, दोन दिवस सोडली की पुन्हा सुरू.

आता ते म्हणतात, त्वचेवर टोचून करतात ती टेस्ट कर, पण आधी आठवडाभर गोळी बंद. ऐन वेचणीत ते जमणार नाही. रक्ताच्या आयजीई (अ‍ॅलर्जीच्या अँटीबॉडी) तपासणीला गोळी बंद करावी लागत नाही, हे माहीत आहे. पण गाजरगवताचे चट्टे उशिरा उठतात, त्याला पाठीवर पट्ट्या लावून वेगळी टेस्ट असते म्हणे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: आधी रक्ताची करून घ्यावी की वेचणी संपेपर्यंत थांबावं? आणि पट्ट्यांची टेस्ट जळगाव-धुळ्यात होते, की नाशिकच गाठावं लागेल?